अपेंडिक्स: आजच काढायचं कधी आणि सहा आठवडे थांबायचं कधी

"माझ्या भाच्याला रात्री दहाला ॲडमिट केलं आणि पहाटेपर्यंत काढून मोकळे झाले, आणि इथे पाच दिवसांपासून दुखतंय तरी नुसतं सलाईन लावून ठेवलंय, हे कसले सर्जन?" सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून बारा वर्षं झाली मला, हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. नातेवाइकांनी मनात पक्कं केलेलं असतं की अपेंडिक्स म्हणजे लगेच ऑपरेशन आणि थांबवणारा डॉक्टर म्हणजे बिल वाढवणारा. या एका गैरसमजापायी लोक चांगल्या सर्जनच्या हातातून पेशंट उचलून नेतात आणि नंतर पेशंटचे हाल होतात, म्हणून एकदा नीट लिहिते.

पहिला प्रकार बहुतेकांना माहीत आहे, भराभर सांगते. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीएवढी एक नळी लोंबत असते, तिचं तोंड बंद झालं की ती सुजते. आधी बेंबीभोवती मोघम दुखतं, जेवण नकोसं होतं, एखादी उलटी होते, आणि मग साधारण बारा ते चोवीस तासांत दुखणं उजवीकडे खाली सरकून एका जागी बसतं, पेशंट बोटाने जागा दाखवतो, खोकला आला तरी तिथेच कळ जाते. या टप्प्यावर आलात तर ऑपरेशन सरळ असतं, बहुतेक पेशंट दोन-तीन दिवसांत घरी. रात्री दोन वाजताच व्हायला पाहिजे असंही नाही, अँटिबायोटिक चालू करून सकाळच्या लिस्टला घेतलं तरी चालतं.

दुर्बीण की उघडं, यावर लोक तासन् तास बोलतात, मला त्यात फार दम वाटत नाही. दुर्बिणीत तीन छोटी भोकं, भूल पूर्ण द्यावी लागते, जखम कमी दुखते, कामावर लवकर जाता येतं. उघड्यात उजवीकडे दोन-तीन इंचांचा छेद, कधीकधी कमरेत इंजेक्शन देऊनही होतं. नळी दोन्हीत तीच निघते. आणि कृपा करून याला लेझर म्हणू नका, अपेंडिक्सच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये लेझर कुठेच नसतो, कॅमेरा असतो आणि लांब दांड्याची हत्यारं असतात. जाहिरातीत कुणी "लेझरने अपेंडिक्स" लिहिलं असेल तर मी तरी तिथे पाऊल ठेवणार नाही.

आता खरा घोळ जिथे होतो ते. पोटाच्या आत आतड्यांवर चरबीची एक पातळ चादर पसरलेली असते, डॉक्टर लोक तिला पोटातला पोलीस म्हणतात. कुठे काही बिघडलं की ती तिथे जाऊन चिकटते. अपेंडिक्स सुजून दोन-तीन दिवस उलटले आणि उपचार झाला नाही, तर ही चादर आणि आजूबाजूची आतडी त्या सुजलेल्या नळीभोवती गुंडाळली जातात आणि पू, घाण सगळं एका जागी कोंडून ठेवतात. बाहेरून हात लावला तर उजवीकडे कडक गोळा लागतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर "अपेंडिक्युलर लम्प" असं येतं, घरचे ते वाचून कॅन्सर समजून रडायला लागतात. बहुतेक वेळा ती नुसती सूज असते, शरीराने स्वतः बांधलेलं कुंपण.

आणि हे कुंपण पाचव्या दिवशी तोडायला जाणं धोक्याचं. त्या वेळी आतली आतडी सुजून भिजलेल्या कागदासारखी झालेली असतात, अपेंडिक्स कुठे संपतं आणि चांगलं आतडं कुठे सुरू होतं हे डोळ्याला कळत नाही, सोडवायला गेलं की आतडं फाटतं. मग नळी काढायला गेलेल्या माणसाचा मोठ्या आतड्याचा तुकडाच काढावा लागतो, किंवा जखमेतून शौच गळत राहते. म्हणून पद्धत अशी की शिरेतून अँटिबायोटिक, सलाईन, सुरुवातीला तोंडाने काही नाही, आणि डोळ्यात तेल घालून लक्ष. पू साठलेला असेल तर सोनोग्राफीत बघत सुईने किंवा बारीक नळी घालून बाहेर काढतात. गोळा विरला की घरी, आणि सहा ते आठ आठवड्यांनी, आतलं सगळं मऊ पडल्यावर, पुढचं ठरवायला परत. काही मोठ्या ठिकाणी अनुभवी सर्जन गोळ्यातसुद्धा दुर्बिणीने लवकर काढतात, ते त्यांच्या हातावर आणि तिथल्या सोयीवर आहे, पण थांबायला सांगणारा सर्जन घाबरट आहे असं अजिबात समजू नका.

ही काही आजची फॅशन नाही. 1902 मध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड राज्याभिषेकाच्या दोन दिवस आधी, 24 जूनला, याच दुखण्याने टेबलावर गेला. सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज नावाच्या सर्जनने फक्त पू बाहेर काढला, अपेंडिक्सला हात लावला नाही. 9 ऑगस्टला राज्याभिषेक झाला आणि राजा पुढे 1910 पर्यंत जगला. घरातले म्हातारे फारच वाद घालायला लागले की मी त्यांना ही गोष्ट सांगते.

"नुसतं सलाईन" म्हणणाऱ्यांनी त्या पेशंटच्या पोटावरचा कपडा कधी सरकवून बघितलेला नसतो. गोळ्याच्या पेशंटच्या पोटावर सर्जन मार्करने गोळ्याची कड आखून ठेवतात. रोज सकाळ-संध्याकाळ तिथे बोटं ठेवायची, गोळा रेषेच्या आत आकसतोय की बाहेर पसरतोय बघायचं. आम्ही दर दोन-चार तासांनी नाडी आणि ताप लिहितो. माझं लक्ष तापापेक्षा नाडीवर जास्त असतं, कारण गोळीने ताप उतरतो पण आत बिघडत असेल तर नाडी चढत राहते. नाडी वाढली, दुखणं पूर्ण पोटात पसरलं, गोळा रेषेबाहेर गेला, की थांबणं संपलं, मग मध्यरात्र असली तरी सर्जनला फोन. थांबायचं म्हणजे असं थांबायचं.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजातला एक पोरगा आला, सहावा दिवस, उजवीकडे लिंबाएवढा गोळा. सरांनी वडिलांना कागदावर चित्र काढून समजावलं. वडील म्हणाले, शेतातली कामं सोडून आलोय, आजच काय ते करा. दुसऱ्या दिवशी डामा घेतला, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर सही करून पोराला घेऊन गेले, पोटावरची निळी रेष तशीच होती. दुसरीकडे लगेच ऑपरेशन झालं, आतड्याला भोक पडलं, महिनाभर तो पोरगा पोटाला पिशवी लावून पडून होता. नंतर ड्रेसिंगला आमच्याकडेच यायचा. वडील दाराबाहेर बसायचे, आत यायचे नाहीत.

फुटलेलं अपेंडिक्स आणि गोळा यातही गल्लत करतात. नळी फुटून घाण कोंडली न जाता पोटभर पसरली तर थांबायचा प्रश्नच नाही, पोट लाकडासारखं कडक होतं, तेव्हा ताबडतोब ऑपरेशन. यात फसवणारी एक गोष्ट आहे. फुटल्याक्षणी आतला ताण सुटतो आणि काही वेळ दुखणं कमी होतं, घरचे म्हणतात उतार पडला, आणि काही तासांनी पेशंट आधीपेक्षा वाईट होऊन येतो. लहान पोरांमध्ये ती चरबीची चादर पुरेशी वाढलेली नसते, त्यांच्यात कुंपण नीट बनत नाही आणि फुटतं लवकर. पोट दुखणाऱ्या पोराला बेंबी सरकली म्हणून चोळायला नेणं, एरंडेल पाजणं, हे ऐकलं की माझा जीव वरखाली होतो.

अजून एक, "अँटिबायोटिकनेच बरं होतं म्हणे मग कापायचं कशाला?" साध्या, न फुटलेल्या अपेंडिक्समध्ये नुसत्या अँटिबायोटिकवर काही लोक बरे होतात हे खरं आहे. फिनलंडमधल्या अभ्यासात अशा पेशंटपैकी साधारण चारातल्या एकाला वर्षाच्या आत आणि दहातल्या चौघांना पाच वर्षांत ऑपरेशन करावंच लागलं. आत खडा अडकलेला असेल तर हा मार्ग आणखी बेभरवशाचा. तर साध्या सुजेत अँटिबायोटिक हा ऑपरेशनला पर्याय म्हणून देतात, आणि गोळ्यात ते ऑपरेशन सुरक्षित वेळेपर्यंत पुढे ढकलायला देतात. बाटली तीच लटकलेली दिसते म्हणून दोन्हींना एकच समजू नका. राउंडला सरळ विचारा, "डॉक्टर, गोळा आहे का? पू आहे का? फुटलंय का?" या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की भाच्याशी तुलना आपोआप बंद होते.

सर्जन कसा शोधायचा हेही यावरच ठरतं. पहिल्या दिवसाचं किंवा फुटलेलं असेल तर शोधत बसू नका. जवळचं असं हॉस्पिटल जिथे एमएस किंवा डीएनबी जनरल सर्जरी झालेला माणूस आहे, भूलतज्ज्ञ रात्री येतो, आणि सोनोग्राफी, रक्ततपासणी होते, बस. उघडं ऑपरेशन करणारा हात बसलेला सर्जन तालुक्यालाच असेल तर दुर्बिणीसाठी चार तास गाडीत पेशंटला हलवू नका, हे माझं ठाम मत. गोळा विरून घरी आला असाल तर मात्र सहा आठवडे आहेत, तेव्हा चौकशी करा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर बघा. विचारा की दुर्बिणीने जमलं नाही तर काय करणार. "आम्हाला उघडावं लागतच नाही" म्हणणाऱ्यापेक्षा "गरज पडली तर उघडेन, सही आधीच घेतो" म्हणणारा मला कधीही चालेल. ऑपरेशननंतर रात्री पेशंटला कोण बघतं हेही विचारा. सरकारी जनआरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडून, ॲडमिट व्हायच्या आधी कळून घ्या, नंतर धावपळ होते.

काढलेलं अपेंडिक्स बायोप्सीला पाठवायला पैसे वाचवू नका. क्वचित त्यात गाठ निघते, आणि चाळिशीपुढच्या माणसाला गोळा झाला असेल तर ही शंका जास्त धरतात, त्यांना सीटी स्कॅन किंवा कोलोनोस्कोपी सांगतात, ती टाळू नका. गोळा विरला की दुखणं जातं आणि निम्मे लोक परत फिरकतच नाहीत. सगळ्यांनाच पुन्हा होतं असं नाही, म्हणून काही सर्जन सरसकट काढत नाहीत, पण काढायचं की नाही हे तपासून सर्जनने ठरवायचं. डिस्चार्ज कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात आम्ही तारीख लिहून देतो, ती घरी गेल्या गेल्या कालनिर्णयवर गोल करून ठेवा, आणि मधल्या काळात ताप आला किंवा पुन्हा तिथेच दुखलं तर तारखेची वाट न बघता या.