कॅलिफोर्नियात वृद्धनिवासाचा प्रशासक व्हायचंय? पात्रता, प्रशिक्षण, परीक्षा आणि कागदपत्रं

बे एरियात किंवा सॅक्रामेंटोकडे राहणारी मराठी माणसं हल्ली सहा खाटांचं वृद्धनिवास काढायचं बोलतात. कुणाच्या घरात नर्स असते, कुणी आयटीतली नोकरी सोडलेली असते. कुणी आईसाठी जागा शोधत फिरलेलं असतं आणि संध्याकाळी मऊ वरणभात देईल असं एकही घर त्यांना मिळालेलं नसतं. इच्छा मनापासूनची असते. पण विचारायला येणारे बरेच जण सुरुवात घरापासून करतात. घर बघतात, बयाणा देतात, हप्ते सुरू होतात आणि मग कळतं की प्रमाणपत्र असलेला प्रशासक नसेल तर परवान्याचं काम पुढे सरकत नाही. म्हणून इथे आधी माणसाचं सांगते, घराचं नंतर.

इथे 'असिस्टेड लिव्हिंग' म्हणा की 'बोर्ड अँड केअर' म्हणा, कायद्याच्या लेखी दोन्ही एकच: रेसिडेन्शिअल केअर फॅसिलिटी फॉर द एल्डर्ली, म्हणजे 'आरसीएफई'. साठ आणि त्यापुढच्या वयाच्या माणसांना राहायला जागा, जेवण, देखरेख आणि अंघोळ, कपडे, औषधांची वेळ अशा गोष्टींत मदत देणारं ठिकाण. हे नर्सिंग होम नाही, आणि हा फरक शेवटपर्यंत लक्षात ठेवावा लागतो. परवाने देणारा विभाग राज्याच्या समाजसेवा खात्यातला 'कम्युनिटी केअर लायसन्सिंग'. प्रशासकांची प्रमाणपत्रंही हेच खातं देतं, पण ते काम वेगळ्या शाखेकडे आहे. परवाना घराला मिळतो आणि प्रमाणपत्र माणसाला. मालक आणि प्रशासक एकच असू शकतात, छोट्या घरांत बहुधा असतातच. मालकाला प्रमाणपत्र घ्यायचं नसेल तर प्रमाणपत्रधारक माणूस नेमावा लागतो.

पात्रता खाटांवर ठरते. वय किमान २१ आणि हायस्कूल पूर्ण किंवा जीईडी (हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा), एवढं १५ खाटांपर्यंतच्या घराला पुरतं. १६ ते ४९ खाटा असतील तर कॉलेजची किमान १५ युनिट्स (म्हणजे क्रेडिट्स) आणि वृद्धांच्या निवासी देखभालीचा एक वर्षाचा अनुभव लागतो. ५० आणि त्याहून जास्त खाटांना कॉलेजची दोन वर्षं आणि तीन वर्षांचा अनुभव. या दोन्ही वरच्या गटांत समकक्ष शिक्षण आणि अनुभवही चालतो. तुमचं शिक्षण भारतातलं असेल, तर बारावीचं किंवा पदवीचं प्रमाणपत्र एखाद्या मूल्यमापन संस्थेकडून अमेरिकी शिक्षणाशी ताडून घ्या आणि तो अहवाल फायलीत लावा. पुण्या-नाशिकच्या वृद्धाश्रमात काम केलं असेल तर तिथून लेटरहेडवर तारखा आणि नेमकं काम लिहिलेलं पत्र आत्ताच मागून घ्या. ते धरायचं की नाही हे विभाग ठरवेल, पण पत्रच नसेल तर ठरवायलाही काही उरत नाही.

व्हिसाचंही आधीच बघा. प्रशासकपद ही नोकरी आहे. एच-१बी एका मालकाशी बांधलेला असतो, त्यावर राहून दुसऱ्याच्या घरात हे काम करता येत नाही. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर कामाची परवानगी, म्हणजे ईएडी, हातात हवी.

आता प्रशिक्षण. खात्याने मान्यता दिलेल्या संस्थेतूनच ८० तासांचा प्राथमिक अभ्यासक्रम करावा लागतो. २०१५ पर्यंत हे तास ४० होते. ते दुप्पट झाले यामागे एक घटना आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये बे एरियातल्या कॅस्ट्रो व्हॅलीतलं एक निवास बंद करायला राज्याने सांगितलं. पगार थांबलेले कर्मचारी एकेक करून निघून गेले आणि मागे राहिलेल्या डझनाहून जास्त वृद्धांना काही दिवस एका स्वयंपाक्याने आणि एका सफाई कामगाराने सांभाळलं. त्यांना कुणीही तसं शिकवलेलं नव्हतं, तरी ते थांबले. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने या निवासांबद्दलचे अनेक कायदे एकाच वेळी मंजूर केले. त्यांतल्या एबी १५७० (असेंब्ली बिल) या कायद्याने १ जानेवारी २०१६ पासून प्रशासकांचे तास ८० केले आणि परीक्षेत किमान १०० प्रश्न असावेत असं ठरवलं. वर्गात बसून कंटाळा येईल तेव्हा हे तास कुठून आले ते आठवावं, असं मला मनापासून वाटतं.

या ८० तासांतला मोठा भाग शिक्षकासमोर करायचा असतो. आपल्या वेळेने व्हिडिओ बघून सगळा अभ्यासक्रम उरकता येत नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या संस्थेची मान्यता चालू आहे का आणि किती तास प्रत्यक्ष हजेरीचे आहेत, हे दोन्ही खात्याच्या यादीवरून पडताळून घ्या. अभ्यासक्रमात कायदे आणि नियम, धंद्याचं व्यवस्थापन, कर्मचाऱ्यांवर देखरेख, वृद्धांच्या शारीरिक आणि मानसिक गरजा, औषधं, रहिवाशांचे हक्क, स्मृतिभ्रंशाची काळजी, प्रवेश देताना करायचं मूल्यांकन असे विषय येतात.

सगळ्यात जास्त वेळ 'टायटल २२' ला, म्हणजे राज्याच्या नियमसंहितेतल्या त्या भागाला द्या. या घरांचे नियम त्यात आहेत. त्यातही कुणाला ठेवून घेता येतं आणि कुणाला नाही, हा भाग तोंडपाठच हवा. तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्याची शय्याव्रणं (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा), पोटातून अन्न देणारी नळी, श्वासनलिकेला केलेलं छिद्र या अवस्थेतल्या माणसाला साधारणपणे ठेवता येत नाही. हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातली काळजी, घेणाऱ्यांसाठी वेगळी मुभा आहे, पण ती आधी मागून घ्यावी लागते. अंथरुणाला खिळलेल्या रहिवाशाला ठेवायचं तर अग्निशमन विभागाची त्या खोलीपुरती वेगळी मंजुरी लागते. मधुमेहाचं उदाहरण आपल्या लोकांना लगेच कळेल. घरी आपण आजीला इन्सुलिन टोचतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. इथे ते इंजेक्शन रहिवाशाने स्वतः घ्यायचं किंवा परवानाधारक वैद्यकीय माणसाने द्यायचं. तुमचा काळजीवाहक कितीही हुशार असला तरी त्याने द्यायचं नाही. मराठी घरातून आलेल्या माणसाला हे जड जातं, कारण आपली सेवेची कल्पना 'सगळं मीच करेन' अशी असते. प्रशासकाला मात्र 'हे मी करू शकत नाही' असं म्हणता यायला हवं.

तुमच्याकडे नर्सिंग होम प्रशासकाचा चालू परवाना असेल, तर ८० ऐवजी १२ तासांचं वर्गशिक्षण पुरतं.

अभ्यासक्रम संपल्यापासून ६० दिवसांच्या आत राज्याची परीक्षा द्यायची असते. पास व्हायला ७० टक्के लागतात. निकाल कळल्यापासून ३० दिवसांत 'एलआयसी ९२१४' हा प्रमाणपत्राचा अर्ज खात्याकडे जायला हवा. या दोन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. वर्ग संपल्यावर 'जरा श्वास घेऊ' म्हणून भारतवारीची तिकिटं काढणाऱ्यांची अडचण होते ती इथेच. अर्जासोबत अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखला आणि शुल्क जोडायचं. शुल्काची रक्कम अर्ज पाठवण्याच्या दिवशीच विभागाच्या संकेतस्थळावर बघावी, संस्थेने दिलेल्या जुन्या छापील कागदावर विसंबू नये.

गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी याच टप्प्यात होते. 'लाइव्ह स्कॅन' केंद्रावर बोटांचे ठसे द्यायचे, ते राज्याच्या न्याय विभागाकडे आणि एफबीआयकडे जातात. सोबत 'एलआयसी ५०८' हे निवेदन भरायचं. त्यात अमेरिकेबाहेरच्या शिक्षेबद्दलही विचारलेलं असतं. कॉलेजात असताना एखाद्या प्रकरणात शिक्षा झालेली असेल, तर ती लपवू नका. जुन्या, किरकोळ गोष्टींसाठी सूट मागता येते. खोटं लिहिलंत, तर मूळ प्रकरण बाजूला राहतं आणि खोटं बोलणं हेच नकाराचं कारण होऊन बसतं. ठशांची मंजुरी येण्याआधी कुणालाही घरात कामावर उभं करू नये. हा नियम प्रशासकाला लागू आहे तसाच स्वयंपाकाच्या बाईंनाही, आणि मोडला तर दिवसाच्या हिशेबाने दंड बसतो.

घरासाठी प्रशासक म्हणून तुमचं नाव जाईल तेव्हा आणखी काही कागद लागतात: कर्मचारी नोंद 'एलआयसी ५०१', क्षयरोगाच्या चाचणीसह आरोग्य तपासणी 'एलआयसी ५०३', शिक्षणाचा पुरावा आणि प्रमाणपत्राची प्रत. परवान्याचा मूळ अर्ज 'एलआयसी २००' हा मालकाचा. त्याच्याबरोबर जबाबदारी विमा येतो, प्रत्येक घटनेमागे किमान १० लाख डॉलर आणि वर्षाला एकूण ३० लाख डॉलरचा. सहा किंवा कमी रहिवाशांचं घर झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या वस्तीत काय चालवता येतं या नियमांच्या, बाबतीत साध्या कौटुंबिक घरासारखंच धरलं जातं. शेजाऱ्यांचा विरोध होईल म्हणून घाबरणाऱ्यांना हे ऐकून धीर येतो.

प्रमाणपत्र मिळालं की कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण तुमच्या गळ्यात असतं. प्रत्यक्ष देखभाल करणाऱ्या नव्या माणसाला एकूण ४० तास: पहिले २० त्याला एकट्याने कामावर सोडण्याआधी आणि उरलेले पहिल्या चार आठवड्यांत. औषधं हाताळणाऱ्याला १५ किंवा कमी रहिवाशांच्या घरात १० तास, मोठ्या ठिकाणी २४ तास, आणि यातले बरेचसे तास अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून काम शिकण्याचे. तपासणीला आलेली अधिकारी बाई आधी ही फाइलच मागते. प्रशिक्षण दिलं, पण तारीख आणि सही नाही, तर ते दिलेलंच नाही असं धरून चाला.

प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षं. नूतनीकरणासाठी दर दोन वर्षांनी ४० तासांचं पुढचं शिक्षण मान्यताप्राप्त संस्थेकडून करायचं, त्यातले किमान आठ तास अल्झायमर आणि इतर स्मृतिभ्रंशावरचे. काही तास ऑनलाइन करता येतात, पण स्मृतिभ्रंशाचे आठ तास तरी शक्य असेल तर माणसांमध्ये बसून करा. पहाटे तीन वाजता बॅग भरून 'मला सांगलीला जायचंय, गाडी चुकेल' म्हणत दारापाशी उभ्या असलेल्या आजोबांशी काय बोलायचं, हे तिथे बसलेले बाकीचे प्रशासक एकमेकांना सांगतात. ते स्लाइडवर नसतं. मुदत संपली की नूतनीकरण होईपर्यंत प्रशासक म्हणून काम करता येत नाही, वर विलंबाचं जादा शुल्क भरावं लागतं. संपल्यापासून चार वर्षं उलटून गेली तर ८० तासांपासून सगळं पुन्हा करावं लागतं.