पेट्रोल तुटलं की करंट? जुनी पिकअप चालता चालता बंद पडते तेव्हा

जुनी पेट्रोल पिकअप भर रस्त्यात बंद पडते. बाजूला घेऊन वीसेक मिनिटं थांबलं की एका सेल्फमध्ये चालू होते, आणि मेकॅनिककडे नेली की दिवसभर एकदाही बंद पडत नाही. हा दोष सापडत नाही तो यामुळेच. तपासायला वेळ असतो तेव्हा गाडी ठणठणीत असते. मग अंदाजानं पार्ट बदलणं सुरू होतं आणि त्यात पहिला नंबर बहुतेक वेळा फ्युएल पंपाचा लागतो.

या एकाच तक्रारीमागे दोन अगदी वेगळे बिघाड असतात. एकात इंजिनापर्यंत पेट्रोल पोहोचत नाही. दुसऱ्यात पेट्रोल येतं, पण प्लगला करंट मिळत नाही. दोन्हींत गाडी तापल्यावर बंद पडू शकते आणि दोन्हींत थोडं थांबलं की चालू होऊ शकते. त्यामुळे ‘गार झाल्यावर चालू होते ना, मग सेन्सरच गेलाय’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी लगेच मान्य करू नका. गाडी बंद कशी पडते, ते आधी नीट आठवा.

पेट्रोल कमी पडायला लागलं की इंजिन आधी कुरकुरतं. चढावर किंवा माल भरलेला असताना एक्सलरेटर दाबूनही ओढ येत नाही. गाडी झटके खाते, पाय थोडा सोडला की सावरते, पुन्हा दाबला की पुन्हा दम सोडते. कधीकधी हवा आत घेणाऱ्या इनटेकमधून फटफट आवाज येतो, कारण हवेच्या मानानं पेट्रोल फार कमी झालेलं असतं. या सगळ्याला काही सेकंद तरी जातात. पंपाचा करंट अचानक तुटला तरी लाइनमध्ये उरलेल्या दाबावर इंजिन क्षणभर तग धरतं आणि मग अडखळत थांबतं.

प्लगचा करंट तुटला की यातलं काहीच होत नाही. कुणीतरी चावी फिरवून बंद केल्यासारखं इंजिन एकदम गप्प होतं. अशा वेळी शेजारी बसलेल्या माणसाला आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवायला सांगा (तुमची नजर रस्त्यावरच हवी). गाडी गिअरमध्ये असल्यानं चाकं इंजिनाला फिरवतच असतात. तरीही काटा तटकन शून्यावर आला, तर इग्निशनचा सिग्नलच गेला असं समजा, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत हा काटा प्लगला करंट देणाऱ्या कॉइलच्या सिग्नलवर चालतो. काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर संशय पेट्रोलवर. एक अपवाद मात्र लक्षात असू द्या: तापलेली कमकुवत कॉइल पूर्ण बंद न पडता आधी मिस मारते, आणि ते झटके पेट्रोलच्या झटक्यांसारखेच वाटतात.

आता सगळ्यात जास्त फसवणारी जागा. इंजेक्शनच्या, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या, बहुतेक गाड्यांत चावी ऑन केली की कंप्युटर पंप साधारण २ सेकंद चालवतो आणि थांबवतो. त्यानंतर क्रँक सेन्सरकडून, काही गाड्यांत डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगना करंट वाटणाऱ्या भागातल्या) पिकअप कॉइल नावाच्या सेन्सरकडून, इंजिन फिरत असल्याचा सिग्नल आला तरच तो पंप पुन्हा सुरू करतो. तापून हा सेन्सर गेला की कंप्युटरच्या लेखी इंजिन थांबलेलं असतं. तो स्पार्क बंद करतो, इंजेक्टर बंद करतो आणि पंपही बंद करतो. मग कुणीतरी सेल्फ मारताना टाकीला कान लावतो, आवाज येत नाही, आणि पंप गेला असं ठरतं. माझ्या पिकअपची टाकी उतरवून नवा पंप बसवला तो याच चुकीपायी. तिसऱ्या दिवशी गाडी तशीच बंद पडली. दोष क्रँक सेन्सरचा होता.

म्हणून पंपाचा आवाज सेल्फ मारण्याआधी, चावी नुसती ऑन केल्यावर ऐका. तेव्हा २ सेकंदांची घरघर येते आणि सेल्फ मारताना येत नाही, असं असेल तर टाकीला हात लावू नका. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासाही हलत नसेल, तर सेन्सरवरचा संशय आणखी पक्का होतो. चावी ऑन केल्यावरही टाकी गप्पच असेल, तर मात्र पंप, त्याचा रिले, फ्यूज आणि वायरिंग बघायची.

खरी तपासणी होते ती गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-चार मिनिटांत, म्हणून स्पार्क टेस्टर आणि फ्युएल प्रेशर गेज गाडीतच ठेवावेत. टेस्टर इंजिनाला नीट अर्थ करून लावा. प्लगची वायर हातात धरून किंवा मोकळी सोडून सेल्फ मारू नका, शॉक बसतो आणि कॉइलही जाऊ शकते. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या गाड्यांत दाब साधारण ३ ते ४ बार असतो. थ्रॉटल बॉडीत एक-दोनच इंजेक्टर असतील तर बहुतेक वेळा १ बारच्या आसपास. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. आयडलिंगला दाब बरोबर आला म्हणून पंपाला निर्दोष ठरवू नका, चोंदलेला फिल्टर तेव्हा काहीच कळू देत नाही. दाब बघायचा तो लोडवर. गेज बोनेटबाहेर काचेजवळ घट्ट बांधून गाडी चढावर न्या. त्याचा पाइप गरम एक्झॉस्टपासून लांब ठेवा आणि केबिनमध्ये तर अजिबात आणू नका.

दाब खरोखर पडत असेल, तरी पंप शेवटी. आधी गाडी बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. हवा जोरात आत ओढली गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर टाकीत हवा जाण्याची वाट बंद झाली आहे. थोडासा फुस्स आवाज मात्र नेहमीचाच. जुन्या टाकीतला गंज आणि गाळ पंपाच्या जाळीला चिकटतो, पंप थांबला की सुटून खाली बसतो. वीस मिनिटांनी गाडी चालू होण्याचं हेही एक कारण असतं. मग अर्थिंग बघा. पंप चालू असताना बॅटरीवरचे व्होल्ट आणि पंपाच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त असेल, तर गंजलेला अर्थ, कनेक्टर किंवा रिले शोधा. टाकीत आतच बसवलेल्या पंपाला पेट्रोलच गार ठेवतं, म्हणून असा पंप असलेली गाडी कायम रिझर्व्हवर पळवणं टाळा.

गाडी फक्त सिग्नलला, पाय सोडल्यावरच बंद पडत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथे पाय सोडल्यावर इंजिन मंद चालू ठेवणारा आयडल व्हॉल्व्ह किंवा व्हॅक्युमची गळती आधी बघायची.

आणि चालत्या गाडीत इंजिन गेलं की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्युमवर ब्रेकचं पेडल एक-दोनदाच सहज दाबलं जातं, मग जड होतं. तेव्हा पुन्हा पुन्हा पेडल न मारता एकदाच घट्ट दाबून धरा. वेग उतरला की स्टिअरिंगही जड होतं, ताकद लावून वळवावं लागेल.

संशय करंटवर आला, की तोच दोष घरी पुन्हा घडवता येतो. हेअर ड्रायरनं क्रँक सेन्सर किंवा इग्निशन मॉड्युल (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा भाग) तापवा आणि इंजिन बंद पडतं का बघा. किंवा उलट, रस्त्यात बंद पडलेली असताना फक्त त्या एका भागावर गार पाणी टाका. गाडी लगेच चालू झाली तर चोर सापडला. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर पाणी जाऊ देऊ नका, नाहीतर नवीनच बिघाड सुरू होईल. डिस्ट्रिब्युटरला चिकटून बसणारं मॉड्युल बदलताना खालची सुकलेली पेस्ट पूर्ण पुसून नवी लावा. त्या पेस्टमधूनच मॉड्युलची उष्णता बाहेर जाते. ती नसेल तर नवं मॉड्युलही तसंच तापेल आणि गाडी पुन्हा तशीच बंद पडेल.