‘ट्रोजन’ शब्दाचा गुंता : गुरूच्या कक्षेतील लघुग्रहांची पार्श्वभूमी

मुंबईच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशातही गुरू सहज ओळखू येतो. त्याच्या कक्षेत राहून सूर्याभोवती फिरणारे लघुग्रह मात्र मुंबईजवळच्या वांगणीच्या अंधारात, लहान दुर्बिणीतूनही दिसत नाहीत, कारण त्यांतील सर्वांत तेजस्वी लघुग्रहच चौदाव्या प्रतीच्या आसपासचा आहे (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा मोठा, तितकी वस्तू अंधूक). येथील वाचकाला ते केवळ शब्दांतून भेटतात, म्हणून त्यांच्यासाठी वापरला जाणारा ‘ट्रोजन’ हा शब्द नेमका असणे महत्त्वाचे ठरते.

सूर्य आणि ग्रह यांच्याशी समभुज त्रिकोण साधणाऱ्या दोन जागी तिसरी लहान वस्तू टिकून राहू शकते, हे गणिताने १७७२ मध्ये दाखवले होते. तेव्हा ते केवळ कागदावरचे उत्तर होते. २२ फेब्रुवारी १९०६ रोजी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे छायाचित्रण पद्धतीने एक लघुग्रह सापडला, आणि तो गुरूच्या ६० अंश पुढे असल्याचे स्वीडनमधील एका गणितज्ञाच्या लवकरच लक्षात आले. पंचांगाच्या भाषेत ६० अंश म्हणजे दोन राशी. गुरू सिंहेत असताना, सूर्यावरून पाहिल्यास, पुढच्या समूहाचा मध्य तुळेत आणि मागच्याचा मिथुनेत येतो. हे लघुग्रह त्या बिंदूंवर खिळलेले नसतात; सुमारे दीडशे वर्षांच्या आवर्तनात ते त्यांच्या भोवतीच्या लांबट पट्ट्यात मागेपुढे सरकत राहतात.

खरा गुंता नावांचा आहे. पहिल्या लघुग्रहाला अकिलीस हे नाव मिळाले आणि पुढील शोधांनाही ग्रीक पुराणकथेतील ट्रॉयच्या युद्धातील वीरांची नावे देण्याची सूचना व्हिएन्नातून आली. पुढे संकेत ठरला, की आघाडीच्या समूहाला ग्रीक वीरांची आणि पिछाडीच्या समूहाला ट्रॉयच्या वीरांची नावे द्यावीत. परंतु तोपर्यंत ग्रीक पॅट्रोक्लस मागच्या आणि ट्रॉयचा हेक्टर पुढच्या छावणीत नोंदवला गेला होता. ती नावे बदलली नाहीत आणि ते योग्यच झाले, कारण शोधाचा क्रम त्यांतून आजही वाचता येतो. अडचण वेगळीच आहे : ‘ट्रोजन’ म्हणजे ट्रॉयचा, तरीही दोन्ही छावण्यांना मिळून ‘ट्रोजन’ म्हटले जाते, म्हणजे ग्रीक छावणीतले सगळेही ट्रोजनच. शिवाय १९९० मध्ये मंगळाच्या, २००१ मध्ये नेपच्यूनच्या आणि पुढे पृथ्वीच्याही कक्षेत असे सोबती सापडले, आणि त्या सर्वांना तोच शब्द लागला.

याहून गंभीर चूक म्हणजे ग्रहाच्या कक्षेत दिसलेल्या प्रत्येक वस्तूला ट्रोजन म्हणणे. हवाईतून २०१४ मध्ये सापडलेला एक लघुग्रह गुरूच्या कक्षेत उलट दिशेने फिरतो. तो सहकक्षीय, म्हणजे ग्रहाच्याच कक्षेत फिरणारा आहे, पण ६० अंशांच्या बिंदूंभोवती राहत नसल्याने ट्रोजन नाही. मे २०२० मध्ये शेपूट असलेला पहिला ट्रोजन सापडल्याचे जाहीर झाले, आणि काही दिवसांतच गणिताने दाखवले, की तो गुरूजवळ तात्पुरता आलेला धूमकेतू आहे. कक्षेतील स्थान एका क्षणाचे असते, ट्रोजनपण दीर्घकाळाचे. म्हणूनच मराठीत ‘सहकक्षीय’ हा व्यापक शब्द आणि ‘ट्रोजन’ हा त्यातील मर्यादित गट, असा भेद पाळायला हवा.

ज्ञात गुरू-ट्रोजनांची संख्या हजारोंच्या घरात गेल्यावर वीरांची नावे अपुरी पडू लागली. खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेने २०१८ मध्ये लहान गुरू-ट्रोजनांना ऑलिम्पिक खेळाडूंची नावे देण्यास मुभा दिली. सोयीचा असला, तरी या निर्णयाने अशा लहान ट्रोजनांपुरती नावावरून छावणी ओळखण्याची खूण पुसली.

१६ ऑक्टोबर २०२१ रोजी निघालेले अमेरिकेचे ‘लूसी’ यान नियोजनाप्रमाणे २०२७ मध्ये पुढच्या छावणीत पोहोचेल. २०३३ मध्ये ते मागच्या छावणीतील ज्या जोड-लघुग्रहाजवळून जाणार आहे, त्याचे नाव पॅट्रोक्लस आहे.