लॉकडाऊन‘मध्ये’ आणि लॉकडाऊन‘मुळे’

‘लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली.’ ‘लॉकडाऊनमुळे नोकरी गेली.’ बोलताना आपण ही दोन्ही वाक्यं एकाच अर्थाने वापरतो. खरं तर पहिलं काळ सांगतं आणि दुसरं कारण. निर्बंधांनी समाजाचं भलं केलं की वाटोळं, यावर आजही हमरीतुमरी होते. त्यातला बराचसा गोंधळ मला या दोन शब्दयोगी अव्ययांच्या सरमिसळीतला दिसतो. महामारीने केलेलं नुकसान आणि महामारी रोखायला घातलेल्या निर्बंधांनी केलेलं नुकसान एकाच वेळी, एकाच घरात शिरलं. पण ती दोन वेगळी नुकसानं होती.

निर्बंधांचा हिशोब मांडताना आपण नकळत २०२० शेजारी २०१९ ठेवतो. पण निर्बंध घातले नसते म्हणून काही २०१९ परत आलं नसतं. विषाणू आलेलाच होता. तुलना करायची तर ‘विषाणू आहे, पण बंदी नाही’ अशा २०२० शी करायला हवी, आणि ते वर्ष कुणीच जगलेलं नाही. त्याचा थोडाफार अंदाज मात्र बांधता येतो.

मार्च २०२० मध्ये डेन्मार्कने शाळा आणि बरेच व्यवसाय बंद केले. शेजारच्या स्वीडनने पुष्कळ गोष्टी चालू ठेवल्या. (स्वीडनमध्ये निर्बंधच नव्हते, हे मात्र खरं नाही. ५० पेक्षा जास्त लोकांच्या जमावाला तिथेही मनाई होती.) अर्थतज्ज्ञांनी बँक व्यवहारांवरून लोकांचा खर्च मोजला, तेव्हा तो डेन्मार्कमध्ये सुमारे २९ टक्क्यांनी घटलेला दिसला आणि स्वीडनमध्ये सुमारे २५ टक्क्यांनी. अमेरिकेत मोबाइलच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासातही असंच चित्र निघालं. दुकानांमधली वर्दळ ६० टक्क्यांनी रोडावली होती आणि त्या ६० पैकी जेमतेम ७ सरकारी आदेशांमुळे होते. बाकीचे लोक भीतीने आपणहून घरी बसले होते. शटर वर आहे, दिवे लागलेत, दुकानदार गल्ल्यावर बसलाय आणि दिवसभर कुणी फिरकत नाही. हा धंदा लॉकडाऊनमध्ये बसला, पण लॉकडाऊनमुळे बसला असं म्हणता येत नाही.

इथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. हे आकडे श्रीमंत देशांचे आहेत, जिथे बऱ्याच जणांना घरी बसणं परवडत होतं. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, तो भीती वाटली तरी कामाला गेलाच असता. त्याला थांबवलं ते आदेशाने. हातावर पोट असलेल्यांच्या बाबतीत ‘मुळे’चा वाटा कितीतरी मोठा होता, असं माझं ठाम मत आहे. सरासरीच्या आकड्यात हा माणूस दिसत नाही.

हीच फूटपट्टी फायद्यालाही लावायला हवी. लोक आदेशाआधीच सावध झाले असतील, तर लाट ओसरल्याचं सगळं श्रेयही आदेशाला देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० आणि २०२१ मध्ये मिळून जगात सुमारे १ कोटी ४९ लाख अधिकचे मृत्यू झाले, म्हणजे एरवी अपेक्षित असतात त्यापेक्षा इतके जास्त. या आकड्यात विषाणूने गेलेले आहेत आणि वेळेवर उपचार न मिळाल्याने गेलेलेही आहेत. निर्बंध नसते तर तो कुठे गेला असता, हे तो आकडा सांगत नाही. न्यूझीलंडपुरतं मात्र चित्र बरंच स्पष्ट आहे. तिथे सीमा लवकर बंद झाल्या, संसर्ग जवळपास थांबला आणि २०२० मध्ये नेहमीपेक्षाही कमी माणसं दगावली. पुढे मोठी लाट आली तोवर बहुतेकांनी लस घेतलेली होती. निर्बंधांनी वेळ मिळवून दिला आणि तो वेळ सत्कारणी लागला, म्हणून या फायद्यामागे मी ‘मुळे’ बिनदिक्कत लावतो.

काही नुकसानांची वाटणी मात्र करताच येत नाही. २०१९ मध्ये जगभरात क्षयरोगाचे ७१ लाख नवे रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये ५८ लाख. आजार कमी झाला नव्हता, फक्त निदान राहून गेलं होतं. तीन आठवडे खोकणारा एखादा माणूस डोळ्यांसमोर आणा. बस बंद आहे. दवाखान्यातला कर्मचारी कोविडच्या कामाला लावलाय. दवाखान्यात गेलो तर तिथेच लागण होईल, अशी धास्ती आहे. शिवाय चारचौघांत खोकला तर लोक लांब सरकतात. यातलं बस बंद असणं निर्बंधांचं, कर्मचारी पळवणं महामारीचं आणि धास्ती दोन्हींची. त्याच्या फुप्फुसातल्या डागाची टक्केवारी कुणी काढायची?

शाळांच्या बाबतीत मला असा संकोच वाटत नाही. युनेस्कोच्या मोजणीनुसार एका टप्प्यावर जगातल्या सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शाळा-महाविद्यालयांना टाळं होतं, आणि ते आदेशाने लागलं होतं. नेदरलँड्समध्ये घरोघरी इंटरनेट होतं आणि शाळा बंद होत्या त्या आठच आठवडे. तरीही मुलांचं सुमारे एक पंचमांश शालेय वर्षाचं शिक्षण बुडालं. म्हणजे शाळा जितकी बंद होती, जवळजवळ तितकंच. कमी शिकलेल्या आई-वडिलांच्या मुलांचं त्याहून जास्त बुडालं. स्वीडनने लहान मुलांच्या शाळा चालू ठेवल्या होत्या आणि तिथल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या वाचनाच्या चाचण्यांत घसरण दिसली नाही. विषाणू तर दोन्हीकडे होता. पहिल्या काही आठवड्यांत, काहीच कळत नव्हतं तेव्हा, शाळा बंद केल्याबद्दल मी कुणाला बोल लावणार नाही. पण लहान मुलांना गंभीर आजाराचा धोका फार कमी आहे हे कळल्यावरही कित्येक देशांनी महिनोन्‌महिने कुलपं काढली नाहीत. ती मात्र निवड होती.

असंच एक नुकसान कुठल्याच तक्त्यात आलं नाही. मरणाच्या दारातल्या माणसाजवळ घरच्यांना जाऊ दिलं गेलं नाही. कुणीतरी नर्सने फोन हातात धरला आणि पडद्यावरून मुलगी ‘बाबा, ऐकू येतंय का’ म्हणत राहिली. त्या माणसाला विषाणूने नेलं, ते कोविडचं नुकसान. पण पूर्ण अंग झाकणारा पोशाख घालून डॉक्टर आत जात होते. तोच पोशाख घालून घरचं एक माणूस दहा मिनिटं आत जाऊ शकलं असतं, आणि काही ठिकाणी पुढे तशी मुभा दिलीही गेली. बाकीच्या ठिकाणी मुलगी दाराबाहेर राहिली, ती नियमामुळे.