विलीनीकरण व अधिग्रहण (खान्देशातील उद्योगांच्या संदर्भात)

दोन कंपन्या कायद्याने एक झाल्या की ते विलीनीकरण. एकीने दुसरीचे ताबा मिळण्याइतके भाग (शेअर) किंवा तिचा चालता धंदा विकत घेतला की ते अधिग्रहण. विलीनीकरणाला सहसा कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २३० ते २३२ अन्वये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी लागते. सूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीत कोणाचे मतदानहक्क २५ टक्क्यांवर गेले, तर बाजार नियामक सेबीच्या २०११ च्या नियमांनुसार इतर भागधारकांकडून आणखी किमान २६ टक्के भाग घेण्याचा खुला देकार त्याला द्यावा लागतो.

बातम्या किमतीच्या होतात. पण सौदा पचतो की नाही, हे बहुधा पैसा कुठून आणला त्यावर ठरते. गंगाजळी मोडणे, रोखीऐवजी आपले भाग देणे आणि कर्ज काढणे हे मुख्य मार्ग. भाग विकत घेण्यासाठी कर्ज देण्यावर भारतीय बँकांना दीर्घकाळ कडक मर्यादा होत्या. त्या सैल करण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली. तोवर मोठ्या खरेदीदारांची भिस्त परदेशी कर्जांवर आणि रोख्यांवर असे.

या विषयाचा पुरा धडा ठिबक सिंचनाची साधने बनवणाऱ्या जळगावच्या जैन इरिगेशनमध्ये सापडतो. भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा आजारी कारखाना ३० लाख रुपयांना घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पेपेन हे विकर (एन्झाइम) काढायला सुरुवात केली. पुढे समूहाने अमेरिकेतील चॅपिन ही ठिबक कंपनी घेतली. ठिबकचे माहेर समजल्या जाणाऱ्या इस्रायलमधील नानदान या सिंचन कंपनीचा निम्मा हिस्सा २००७ मध्ये आणि उरलेला २०१२ मध्ये घेतला. बाजारपेठ वाढली, तसे कर्जही वाढले. २०१९ मध्ये परतफेड अडली, मार्च २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली आणि २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीच्या मालकीच्या रिव्ह्युलिस या सिंचन कंपनीमध्ये विलीन करण्यात आला. मोबदल्यात काही रोख आणि नव्या कंपनीत अल्प हिस्सा मिळाला. खरेदीदारच विक्रेता झाला, पण परदेशी कर्जाचा भार उतरला.

उलट दिशेचा व्यवहार म्हणजे विलगीकरण, एका कंपनीतून एखादा व्यवसाय वेगळा काढणे. १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपापासून सुरू झालेल्या विप्रोने २०१३ मध्ये साबण-तेलाचा व्यवसाय विप्रो एंटरप्रायझेस या सूचीबाह्य कंपनीत वेगळा काढला. पिढ्यान्‌पिढ्या विप्रोचे भाग सांभाळणाऱ्या अमळनेरकरांनाही मग नव्या कंपनीचे भाग घ्यावेत की दुसरा पर्याय निवडावा, हे ठरवावे लागले.

जळगावच्या डाळमिल किंवा चटई कारखान्याचा सौदा न्यायाधिकरणापर्यंत जात नाही. तो बहुधा चालत्या कारखान्याची एकरकमी विक्री असतो: यंत्रे, माल, उधारी, एमआयडीसीचा भूखंड. भूखंड भाडेपट्ट्याचा असल्याने महामंडळाची परवानगी आणि हस्तांतर शुल्क आलेच. ताळेबंद चोख दिसला तरी जुना जीएसटी आणि कामगारांचा थकलेला भविष्यनिर्वाह निधी यांची जबाबदारी विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यावरही येते. त्यामुळे जाणते खरेदीदार थकबाकी नसल्याचे दाखले हातात येईपर्यंत किमतीचा काही भाग रोखून धरतात.