बूट काढून शेवटची पन्नास पावलं

ऑगस्टच्या मध्यावर अमेरिकेच्या पश्चिमेकडे, यूटा-नेवाडाच्या डोंगरांत, धनुष्यबाणाने शिकार करण्याचा हंगाम उघडतो. बंदुकवाल्यांची पाळी नंतर येते. दुपारच्या उन्हात कड्याच्या सावलीत म्यूल डिअर या हरणाचा नर रवंथ करत बसलेला असतो. त्याच्या वाढत्या शिंगांवर अजून मखमलीसारखी मऊ कातडी असते. शिकारी सकाळपासून दुर्बीण लावून समोरच्या उतारावर बसलेला असतो. नर बसला की तो उठतो, मोठा वळसा घालून वरच्या अंगाला जातो आणि शेवटच्या टप्प्यात बूट काढून नुसत्या मोज्यांवर उतरू लागतो. पायाखालचा एक खडा घरंगळला तरी दिवस वाया जातो.

आपल्या कानाला 'धनुष्याचा हंगाम' हा शब्दच विचित्र लागतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ बंदच केली. गंमत अशी की त्याच १९७२ साली अमेरिकेने शिकारीच्या धनुष्यबाणांवर कर बसवला, वन्यजीवांच्या व्यवस्थापनाला पैसा मिळावा म्हणून. बंदुका-काडतुसांवर असा कर १९३७ पासून होताच.

म्यूल म्हणजे खेचर. खेचरासारखे लांब कान, म्हणून हे नाव. पश्चिमेचा मुलूख धुंडाळणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या १८०४-०६ च्या मोहिमेने ते रूढ केलं. पूर्वेकडचं पांढऱ्या शेपटीचं हरीण झाडीत राहतं आणि बऱ्याचदा ठरलेल्या वाटांनी ये-जा करतं, म्हणून तिकडचा तिरंदाज झाडावर माचाण बांधून वाट पाहतो. म्यूल डिअर मात्र पुष्कळदा मोकळ्या माळावर आणि सेजब्रशच्या झुडपांत असतं. तिथे बसून राहण्यापेक्षा आधी हेरायचं आणि मग लपतछपत जवळ जायचं, हेच बहुतेकांना सोयीचं वाटतं. याला तिकडे 'स्पॉट अँड स्टॉक' म्हणतात. हे हरीण बिचकलं की चारही पाय एकदम आपटत चेंडूसारखं उसळत जातं आणि पुष्कळदा थोड्या अंतरावर थांबून मागे वळून बघतं. ही सवय बंदुकीपुढे त्याच्या जिवावर बेतते. बाणवाल्याला मात्र तेवढ्यावरून काही करता येत नाही.

त्या मुलखात धनुष्य फार जुनं नाही, साधारण दीड हजार वर्षांचं. त्याआधी काठीच्या आकड्याने भाला फेकत. यूटातल्या नाइन माइल कॅन्यनमध्ये एका खडकावर रानमेंढ्यांचा कळप आणि धनुष्य ताणलेले शिकारी कोरलेले आहेत. चित्रातले शिकारी जनावरांच्या अगदी जवळ उभे आहेत. एकोणिसाव्या शतकात बंदूक आली, बाजारासाठी कत्तल झाली, मूळ रहिवासी मारले गेले किंवा हुसकले गेले, आणि जवळ जाण्याची ही विद्या त्यांच्याबरोबर संपत चालली.

तिचा एक धागा एका माणसामुळे टिकला. २९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाच्या कत्तलखान्यापाशी एक उपाशी, थकलेला माणूस सापडला. 'याही' नावाच्या जमातीतला तो शेवटचा. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी त्याचे लोक मारले होते आणि उरलेसुरले कित्येक वर्षं डोंगरात लपून राहिले होते. त्याने स्वतःचं नाव कधीच सांगितलं नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हटलं. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'माणूस'. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात त्याला ठेवलं गेलं. 'ठेवलं' हा शब्द बोचतो, पण दुसरा सापडत नाही.

शेजारच्या रुग्णालयात सॅक्स्टन पोप नावाचे शल्यविशारद होते. ते इशीचे डॉक्टर होते, मग मित्र झाले आणि पुढे शिष्य. इशीचं धनुष्य आखूड, ज्युनिपरच्या लाकडाचं, पाठीवर जनावराच्या स्नायूंचे चिवट तंतू चिकटवलेलं. बाणाची टोकं तो ऑब्सिडियनची, म्हणजे काळ्या ज्वालामुखी काचेची, करायचा, आणि शहरात आल्यावर बाटलीच्या काचेचीही. काच हातात धरून शिंगाच्या टोकाने दाबत दाबत तिचे कपचे काढायचे आणि धार आणायची. नेम धरताना तो उकिडवा बसे. चांदमारीच्या गोल निशाण्यावर डॉक्टर लवकरच त्याच्यापुढे गेले. पण इशीला निशाणा मारायचाच नव्हता, त्याला जेवण मिळवायचं होतं. शिकारीआधी मासे आणि तंबाखू वर्ज्य करायची, कारण अंगाचा वास जनावराला लागतो. वारं बघायचं. ओठांनी चुंबनासारखा आवाज काढून सशाला जवळ बोलवायचं. १९१४ मध्ये तो पोप आणि क्रोबर यांना घेऊन आपल्या जुन्या मुलखात, डिअर क्रीकला, गेला. तिथलं काळ्या शेपटीचं हरीण म्यूल डिअरच्याच जातीतलं. मार्च १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला.

पोप यांनी जे शिकलं ते लिहून काढलं आणि आर्थर यंग या मित्राबरोबर अस्वलापासून सिंहापर्यंत शिकारी केल्या. पुस्तक गाजलं आणि धनुष्याकडे खेळणं म्हणून बघणारे सरकारी अधिकारीही हळूहळू ते गांभीर्याने घेऊ लागले. १९३४ मध्ये विस्कॉन्सिनने खास धनुष्याचा हंगाम दिला. बाणाने मोठं जनावर खात्रीने मारता येतं हे नोंदींनिशी दाखवायला १९६१ मध्ये ग्लेन सेंट चार्ल्स यांनी जी संस्था काढली, तिचं नावच 'पोप अँड यंग क्लब'. इशीचं नाव त्यात नाही.

यानंतरची गोष्ट मला कमी आवडते. मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कप्प्या लावलेल्या धनुष्याचं पेटंट मिळालं. हे कंपाउंड धनुष्य पूर्ण ताणलं की हातावरचा भार एकदम उतरतो. सत्तर पौंडांच्या धनुष्याची दोरी चौदा-पंधरा पौंडांत धरून उभं राहता येतं. पुढे लेझरने अंतर मोजणारी यंत्रं आली. जिथे वीस-तीस यार्डांवर जावं लागे, तिथे सत्तर-ऐंशीच्या बाता सुरू झाल्या. क्लबनेही पासष्ट टक्क्यांहून जास्त भार उतरवणारी धनुष्यं बरीच वर्षं नोंदीला नाकारली आणि नंतर स्वीकारली.

पण आवाजाचं गणित बदललेलं नाही. आजचा वेगवान बाण सेकंदाला साधारण ८८ मीटर जातो, आवाज ३४०. सत्तर यार्डांवरच्या हरणाला दोरीचा टणत्कार पाव सेकंदाच्या आत ऐकू येतो आणि बाण पोचायला जवळजवळ पाऊण सेकंद लागतो. उरलेल्या अर्ध्या सेकंदात ते खाली दबून उसळी घेऊ शकतं, आणि मग बाण फुप्फुसाऐवजी पोटात शिरतो. जखमी जनावर तासन्‌तास तडफडत राहतं. वीस यार्डांवर ही सवड जेमतेम एक-सप्तमांश सेकंद उरते.

म्हणून मुरलेले लोक अजून सकाळी वरच्या अंगाने उतरायची घाई करत नाहीत. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की तीच वर वळते. वारं नीट वळेपर्यंत ते थांबतात, मग पाठपिशवी खडकाआड ठेवतात आणि बुटांच्या नाड्या सोडतात.