आइसलँडने बँका बुडू दिल्या, पण फुकटात सुटला नाही

‘आयर्लंडने बँका वाचवल्या आणि देश बुडवला; आइसलँडने बँका बुडवल्या आणि देश वाचवला.’ 2008 च्या मंदीपासून हे वाक्य फिरतंय. ऐकायला झकास, पण अर्धवट.

ऑक्टोबर 2008 मध्ये आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. त्यांचा पसारा देशाच्या जीडीपीच्या जवळपास दहापट. वाचवायच्या म्हटल्या तरी सरकारची ऐपत नव्हती. (तत्त्व वगैरे नंतर चिकटवलं गेलं.) तरीही देशातल्या ठेवींना सरकारने हमी दिली, नव्या बँका काढून त्यांत भांडवल ओतलं आणि नाणेनिधीकडून 2.1 अब्ज डॉलरचं कर्ज घेतलं. क्रोना हे तिथलं चलन जवळपास निम्म्यावर आलं. तिथली बहुतेक गृहकर्जं तेव्हा महागाईशी जोडलेली होती. 2009 च्या सुरुवातीला महागाई 18 टक्क्यांवर गेली, तेव्हा नियमित हप्ते भरणाऱ्यांचंही मुद्दल फुगत गेलं. पैसा देशाबाहेर नेण्यावरचे निर्बंध तर 2017 पर्यंत टिकले.

आयर्लंडने सप्टेंबर 2008 मध्ये बँकांच्या जवळपास सगळ्या देण्यांना हमी दिली, ही घोडचूक खरीच. बँका सावरण्यात सुमारे 64 अब्ज युरो गेले. पण चलन युरो असल्याने ते घसरू देऊन निर्यात स्वस्त करण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती, हे तुलना करणारे सोयीस्करपणे विसरतात.